स्लर्म २४.०५.८ : सोलापूरच्या कॉलेज क्लस्टरवर काही महिने वापरल्यानंतर

स्लर्म हे क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या अनेक संगणकांवर (नोडवर), कुणाचं काम (जॉब) कधी आणि कुठे चालेल ते ठरवणारं सॉफ्टवेअर. मे २०२५ मध्ये ते बनवणाऱ्या शेडएमडी कंपनीने त्यातली सीव्हीई-२०२५-४३९०४ ही सुरक्षेची त्रुटी जाहीर केली आणि २३.११.११, २४.०५.८, २४.११.५ या दुरुस्त आवृत्त्या दिल्या. त्रुटी अशी, की कोऑर्डिनेटर दुसऱ्या वापरकर्त्याला थेट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करू शकत होता. कॉलेजात हे फार गंभीर आहे, कारण विद्यार्थ्यांची खाती सांभाळायला विभागातल्या सर-मॅडमना कोऑर्डिनेटर केलेलं असतं. एकाचा पासवर्ड फुटला तरी सगळ्यांचे जॉब आणि मर्यादा दुसऱ्याच्या हाती.

आधीपासून २४.०५ ची एखादी आवृत्ती असेल तर २४.०५.८ वर जायला फारसं काम नाही. २३.०२ वरून थेट येता येतं, २२.०५ वाल्यांना मध्ये एक टप्पा घ्यावा लागतो. क्रम मात्र मोडू नका: आधी स्लर्मडीबीडी (खात्यांचा डेटाबेस सांभाळणारा), मग स्लर्मसीटीएलडी (जॉब वाटणारा मुख्य नियंत्रक), शेवटी नोडवरचे स्लर्मडी (तिथे जॉब चालवणारे). नवा डीबीडी जुन्या सीटीएलडीशी बोलतो, उलटं चालत नाही.

सगळ्यात नाजूक भाग डेटाबेसचं नव्या आवृत्तीच्या रचनेत रूपांतर होण्याचा. आधी मायएसक्यूएलडंपने डेटाबेसची प्रत घ्या आणि स्टेटसेव्हलोकेशनची (सीटीएलडी आपली स्थिती साठवतो त्या फोल्डरची) प्रत काढा. नवा डीबीडी पहिल्यांदा सिस्टमडीमधून (लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणाऱ्या भागातून) सुरू करू नका. रूपांतर लांबलं तर सिस्टमडी टाइमआउट झाला म्हणून प्रक्रिया मध्येच मारतो. टर्मिनलवर '-डी -व्हीव्हीव्ही' (समोरच चालव, सगळा तपशील दाखव) देऊन हातानेच चालवा, रूपांतर संपल्याची ओळ दिसली की थांबवा, मगच सर्व्हिस सुरू करा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो आणि दुपारी वीज कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून हे काम पहाटेच उरकावं.

स्लर्मडीटाइमआउट, म्हणजे नोडच्या उत्तराची वाट पाहण्याची मुदत, मुळात ३०० सेकंद असतो. तो आधी ३६०० करा, नाहीतर सीटीएलडी नोड डाउन धरतो आणि चालू जॉब जातात.

पॅचने पुढचा धोका थांबतो, पण आधीच कुणी अ‍ॅडमिन झाला असेल तर तो तसाच राहतो. बरेच जण इथेच चुकतात. 'एसअ‍ॅक्टएमजीआर शो यूजर' या वापरकर्ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये अ‍ॅडमिनलेव्हलचा रकाना ओळीओळीने पाहा, अनोळखी नाव दिसलं तर पातळी 'नन' करा आणि 'लिस्ट ट्रान्झॅक्शन्स' मध्ये तो बदल कुणी केला ते शोधा.

इतक्या महिन्यांत शेड्युलिंगमध्ये काही बिघडलेलं नाही. अडलं ते फक्त लिबस्लर्मला (स्लर्मच्या लायब्ररीला) जोडलेल्या जुन्या ओपनएमपीआयचं (एकच जॉब अनेक नोडवर चालवायच्या लायब्ररीचं). मोठी आवृत्ती बदलली की ते नव्याने कंपाइल करावंच लागतं.