फोन उचल ना बाई! अलीकडच्या काही रोमान्स कादंबऱ्यांबद्दल

आमच्या पाच-सहा जणींमध्ये पुस्तकांची फिरवाफिरवी चालते आणि गेले कित्येक महिने सगळ्यांच्या डोक्यात फक्त रोमान्स शिरलाय. एकीचं वाचून झालं की दुसरीकडे, तिथून तिसरीकडे, आणि मग प्रत्येकीचं मत वेगळं, त्यामुळे भांडणं. परवा एकजण म्हणाली की तू एवढी नावं ठेवत असतेस तर एकदा लिहूनच काढ ना कुठलं वाचायचं आणि कुठलं नाही, म्हणून हा प्रपंच. स्पॉयलर शक्यतो टाळलेत, पण एक-दोन ठिकाणी थोडं सांगावंच लागलंय, तिथे आधी सांगते.

आधी माझं मोजमाप काय ते सांगते, म्हणजे नंतर शिव्या घालताना सोपं जाईल. रोमान्समध्ये शेवट ठरलेलाच असतो. हॅपिली एव्हर आफ्टर, नाहीतर निदान हॅपी फॉर नाऊ. त्यामुळे 'शेवट आधीच कळला' ही तक्रार मला पटतच नाही, तो कळायलाच हवा, त्यासाठीच तर आपण पुस्तक उघडतो. प्रश्न असतो तो एवढाच की मग हे दोघं साडेतीनशे पानं एकमेकांपासून लांब का? आणि विशेषतः पाऊण पुस्तक झाल्यावर जे ब्रेकअप होतं, ज्याला सगळे थर्ड ॲक्ट ब्रेकअप म्हणतात, ते खरं वाटतं का? माझी परीक्षा सोपी आहे. दोघांपैकी एकाने एक फोन केला असता, दहा मिनिटं नीट बोलले असते, तर भानगड मिटली असती का? मिटली असती तर पुस्तक नापास.

या परीक्षेत सरळ पास झालेलं म्हणजे ॲबी हिमेनेझचं 'जस्ट फॉर द समर' (२०२४). कल्पना ऐकल्यावर मी तोंड वाकडं केलं होतं. जस्टिनशी ब्रेकअप झालं की त्या मुलीला लगेच तिच्या आयुष्याचा जोडीदार भेटतो, दर वेळी. तो हे रेडिटवर लिहितो आणि एम्मा नावाच्या एका नर्सचा त्याला मेसेज येतो की माझंही अगदी हेच होतं. मग ठरतं की आपण दोघांनीच एकमेकांना डेट करायचं, ब्रेकअप करायचं, म्हणजे दोघांचेही शाप कटाप आणि दोघांनाही नंतर आपापलं माणूस भेटेल. हे एवढं वाचून वाटतं की हलकंफुलकं काहीतरी असणार. पण एम्मा ट्रॅव्हल नर्स आहे, काही महिन्यांनी गाव बदलायचं, कुठेच मुळं धरायची नाहीत, आणि ती तशी का झालीय ते हळूहळू तिच्या आईमुळे कळत जातं. आई जेव्हा पुस्तकात येते ना, तेव्हा एम्मा वयाने मोठी होऊनही कशी एकदम लहान मुलीसारखी सगळं सांभाळून घ्यायला लागते, ते लेखिकेने इतकं बारीक लिहिलंय की मला दोनदा पुस्तक खाली ठेवावं लागलं. तिकडे जस्टिनची आई तुरुंगात जाणार आहे आणि धाकट्या तीन भावंडांची जबाबदारी त्याच्यावर येतेय. आता सांगा, यातलं काय एका फोनने सुटणार? काहीच नाही. म्हणून यातला दुरावा मला जाणवला, नुसता वाचला नाही. मिनेसोटामधला तलाव, बेट, छोटं कॉटेज, हे सगळं आहेच, पण ते जाता जाता.

एक सूचना, हे मालिकेतलं तिसरं पुस्तक आहे. आधीच्या दोन्ही पुस्तकांतली माणसं यात येतात आणि मी उलटं वाचलं त्यामुळे एका ठिकाणी माझा अगदी पोपट झाला. क्रमाने वाचा.

आता याच लेखिकेचं आधीचं 'युवर्स ट्रूली' (२०२३). हे माझ्या परीक्षेत नापास, शून्य मार्क, आणि तरीही मी ते दोनदा वाचलंय. ब्रियाना आणि जेकब दोघंही इमर्जन्सीचे डॉक्टर, एकाच हॉस्पिटलात, सुरुवातच गैरसमजातून. जेकबला लोकांमध्ये बोलायची प्रचंड धास्ती, तर तो माफी मागायला चक्क हाताने पत्र लिहितो. ती उत्तर लिहिते. एकाच मजल्यावर काम करणारी दोन माणसं एकमेकांना पत्रं पाठवतायत, हे इतकं गोड आहे! आणि तिच्या भावाला किडनी हवी असते, जेकब ती द्यायचं ठरवतो, हे पुस्तकाच्या पाठीवरच लिहिलंय त्यामुळे मी काही फोडत नाहीये. पण त्यानंतर शेकडो पानं तिला वाटतं की याचं अजून जुन्या मैत्रिणीवरच प्रेम आहे, त्याला वाटतं की ही फक्त उपकार म्हणून माझी खोटी गर्लफ्रेंड झालीय, आणि दोघं एकाच सोफ्यावर बसून एकमेकांकडे बघत उसासे टाकतात. अरे, माणूस किडनी देतोय तुमच्यासाठी, अजून काय फ्लेक्स लावायचा का?

तरी दोनदा का वाचलं? जेकबमुळे. घरच्यांचा गोतावळा जमलाय आणि तो कुठे पळावं ते शोधतोय, किंवा कामाच्या ठिकाणी कुणाशी काय बोलायचं याची आधीपासून मनात तालीम करतोय, असली जी वर्णनं आहेत ती ज्यांना असं होतं त्यांना वाचून बरं वाटेल. आमच्यातली एक अजिबात कमी बोलणारी आहे, तिने हे पुस्तक परतच दिलं नाही. आणि तिचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे, ती म्हणाली तुझी ती फोनची परीक्षा बडबड्या लोकांसाठी आहे, ज्याला फोन उचलायचाच घाम फुटतो त्याचं काय? गप्प बसले मी. अर्धा मार्क वाढवला.

एमिली हेन्रीवर मात्र आमच्यात सरळ दोन गट आहेत. 'फनी स्टोरी' (२०२४) सगळ्यांना आवडतं. डॅफ्नीचा होणारा नवरा ऐनवेळी सांगतो की माझं माझ्या बालपणीच्या मैत्रिणीवर प्रेम आहे, मग ही राहायला जाते त्या मैत्रिणीच्या सोडलेल्या बॉयफ्रेंडकडे, माइल्सकडे, म्हणजे दोन टाकून दिलेली माणसं एका घरात. डॅफ्नी लहान मुलांच्या विभागातली लायब्ररियन आहे आणि लायब्ररीतले प्रसंग मला प्रेमाच्या प्रसंगांपेक्षा जास्त आवडले, हे मी कबूल करते. माइल्स तर असा हिरो आहे की घरात येईल त्याच्याशी गप्पा मारेल, कुठेही अकड नाही. सगळीकडे कपाळावर आठ्या घालून फिरणारे हिरो वाचून कंटाळलेल्यांसाठी औषध.

पण 'हॅपी प्लेस' (२०२३) काढलं की आवाज चढतात. हॅरिएट आणि विन, आठेक वर्षांचं नातं, ब्रेकअप झालंय पण मित्रांना सांगितलेलं नाही आणि दरवर्षीच्या सुट्टीला त्याच घरात, एकाच खोलीत, आम्ही अजून एकत्र आहोत असं नाटक करत राहायचंय. गंमत म्हणजे इथे ब्रेकअपच फोनवर झालेलं, त्यामुळे माझी परीक्षा लावायची तरी कशी? (इथून पुढे शेवटाबद्दल आहे, वाचलं नसेल तर हा परिच्छेद सोडा.) हॅरिएट सर्जन व्हायचं शिक्षण घेतेय आणि शेवटी ते सोडून त्याच्या गावी जाते, मातीची भांडी करते. मी हे पुस्तक कौतुकाने कुणाला दिलं असेल? रेसिडेन्सी करणाऱ्या मैत्रिणीला. सलग ड्युटी करून आलेली ती, दोन दिवसांत पुस्तक वाचून तिने मला रात्री साडेअकराला फोन केला आणि पहिलं वाक्य, "कर्ज कोण फेडणार तिचं?" तिचं म्हणणं की इतकी वर्षं घासून मग पोरासाठी सोडायचं आणि त्याला आनंदाची जागा म्हणायचं, हे मला नाही चालत. माझं म्हणणं की ती पोरासाठी सोडतच नाही, तिला ते काम आवडतच नव्हतं, आईबापांना खूष करायला ती शिकत होती, हे पुस्तकात पहिल्यापासून पेरलेलं आहे. ती म्हणते पेरलंय पण उगवलं नाही, शेवटच्या थोड्या पानांत उरकलंय. आणि खरं सांगू, पुन्हा चाळून बघितलं तर तिचा मुद्दा मला अर्धा पटला. निर्णय बरोबर आहे, पण तो घेताना तिला जो त्रास व्हायला हवा तो आपल्याला फारसा दाखवलेलाच नाही.

हेन्रीचं २०२५ चं 'ग्रेट बिग ब्युटिफुल लाइफ' घेताना एक लक्षात ठेवा, यात प्रेमकथा निम्मीच आहे. एका म्हाताऱ्या, एकेकाळी जगभर गाजलेल्या बाईचं चरित्र कुणी लिहायचं यासाठी दोन लेखक एकाच बेटावर येतात आणि बाईंनी दोघांकडूनही करार सही करून घेतलाय की ऐकलेलं एकमेकांना सांगायचं नाही. म्हणजे गप्प बसायला कायदेशीर कारण! लेखिकेने माझी परीक्षा आधीच वाचली होती की काय असं वाटलं. पण त्या बाईंच्या घराण्याची गोष्ट इतकी पसरत जाते की हे दोघं मध्येच भेटून जाणाऱ्या पाहुण्यांसारखे वाटतात. मला म्हाताऱ्या बाई आवडल्या, जोडी विसरले.

बोलता न येण्याचं सगळ्यात भारी कारण मला मिळालं ते थोड्या जुन्या पुस्तकात, केट क्लेबर्नचं 'लव्ह लेटरिंग', २०१९ च्या अगदी शेवटचं. मेग हाताने सुंदर अक्षरं काढून देते. एका लग्नाच्या कार्यक्रमपत्रिकेत तिने अक्षरांमध्ये लपवून 'चूक' या अर्थाचा शब्द घातलेला असतो, आणि त्या लग्नातला नवरदेव रीड, आकडेमोडीतला माणूस, वर्षभराने तिच्यासमोर येऊन विचारतो की तुला कसं कळलं? मग दोघं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हाताने रंगवलेल्या पाट्या शोधत फिरतात, अक्षरं जमवण्याचा खेळ खेळतात. संथ आहे, पहिली पन्नास पानं रेटावी लागतील. पण कुठल्या अक्षराचं पोट किती फुगलंय, कुठली रेघ कशी वळलीय यावरून ती माणसं ओळखते, ते वाचल्यावर मी चार दिवस प्रत्येक दुकानाची पाटी मान वर करून बघत होते. रीडला काय सांगता येत नाही ते मी सांगणार नाही, पण तिथे फोन खरंच उपयोगाचा नाही.

बाकीचं पटापट. 'द लव्ह हायपोथिसिस' (२०२१), संशोधन करणारी मुलगी ऑलिव्ह आणि खडूस प्राध्यापक, खोटं डेटिंग, लेखिका ॲली हेझलवुड स्वतः त्याच क्षेत्रातली असल्यामुळे लॅबमधलं राजकारण मस्त, पण ऑलिव्हचा खोटेपणा शेवटपर्यंत ताणलाय, नापास. कर्टिस सिटनफेल्डचं 'रोमँटिक कॉमेडी' (२०२३), टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाची लेखिका आणि नावाजलेला गायक, मधला भाग पूर्ण ईमेलचा, २०२० मध्ये सगळे घरात अडकलेले असतानाचा. तो ईमेलचा भाग अप्रतिम, दोघं समोरासमोर आल्यावर जरा हवा जाते. 'फोर्थ विंग' मालिका ड्रॅगनसाठी वाचा, पण शेवट गोड हवा असेल तर थांबा, २०२५ चं तिसरं पुस्तकसुद्धा मध्येच लटकवून संपतं आणि एकूण पाच व्हायची आहेत.

आणि हो, मुखपृष्ठावर विश्वास ठेवू नका. हल्ली सगळ्यांवर तीच कार्टूनसारखी चित्रं, गुलाबी-पिवळी, बघून वाटतं शाळेतल्या मुलीला द्यावं. आत काय असेल सांगता येत नाही. हिमेनेझकडे तसे प्रसंग कमी, हेन्रीकडे आहेत पण मोजके, हेझलवुडकडे जे आहे ते अगदी सविस्तर. आमच्यातल्या एकीने चित्र बघून हेझलवुड सासूबाईंना दिलं होतं. सासूबाईंनी काही न बोलता वाचून परत केलं आणि आठवड्याने विचारलं, हिचं अजून आहे का गं एखादं?

ऐकायची सवय असेल तर हेन्रीची पुस्तकं ज्युलिया व्हेलनच्या आवाजात घ्या, संवादातला खवचटपणा वाचण्यापेक्षा ऐकताना जास्त पोचतो.

डॉक्टर मैत्रिणीची समजूत काढायला मी तिला आता 'युवर्स ट्रूली' दिलंय, निदान त्यात कुणी डॉक्टरकी सोडत नाही. काल मेसेज आला, निम्मं झालंय, दोघांनाही भूल देऊन एकाच वॉर्डात टाकावं असं वाटतंय, आणि दुसरा भाग असेल तर लगेच पाठव.