एका गुडघ्याला टूर्निकेट, दुसऱ्याला नाही: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. उजवा दीड वर्षापूर्वी, डावा नऊ महिन्यांपूर्वी. सर्जन तेच, सांधा त्याच प्रकारचा, भूलही दोन्ही वेळा कण्यातूनच. फक्त उजव्या वेळी मांडीला टूर्निकेट बांधलं होतं, डाव्या वेळी नाही.

बीपी मोजताना दंडाला बांधतात तसाच हा पट्टा, पण रुंद आणि जाड. त्यात हवा भरून मांडी आवळली की खाली रक्त येत नाही. डॉक्टरांना सगळं स्वच्छ दिसतं आणि नवा सांधा हाडाला चिकटवणारं सिमेंट कोरड्या हाडावर बसतं. माझ्या कागदांवर दाब २८०, वेळ ८५ मिनिटं अशी नोंद होती. घरी आल्यावर ती वाचली, तेव्हा मांडी का दुखतेय ते कळलं.

पहिला आठवडा गुडघ्यापेक्षा मांडीनेच छळलं. पट्टा होता तिथे गोल, आवळल्यासारखा ठणका. कूस बदलायची म्हटलं तरी पोटात गोळा यायचा. फिजिओथेरपिस्ट सांगायची, "काकू, गुडघा ताठ ठेवून पाय उचला," आणि मांडी ऐकायचीच नाही. जोर लावूनही टाच गादीवरून हलत नाही, तेव्हा फार घाबरायला होतं. सहाव्या दिवशी ती सुटली, तेव्हा मी रडले होते.

डाव्या वेळी मी डॉक्टरांना आधीच विचारलं. ते म्हणाले, न बांधता करू. रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देऊ, सिमेंटच्या वेळी गरज पडलीच तर थोडा वेळ बांधू. गरज पडली नाही. दुसऱ्याच दिवशी पाय उचलला गेला. मांडीचा तो ठणका नव्हताच. गुडघा मात्र दुखायचा तेवढा दुखलाच, सूजही तशीच. हिमोग्लोबिन दोन्ही वेळा साधारण दोनने उतरलं. पट्टा सोडल्यावर आतून रक्त झिरपतच राहतं, असं डॉक्टरांनी समजावलं.

सगळं श्रेय पट्टा नसण्याला देणार नाही. दुसऱ्या खेपेला मी महिनाभर आधीपासून मांडीचे व्यायाम केले होते, आणि पुढे काय येणार हेही ठाऊक होतं. पण कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधन एकत्र करून पडताळणारी संस्था आहे, तिच्या २०२० च्या आढाव्यात रुग्णांवर केलेल्या ४१ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. त्यातही टूर्निकेट लावलेल्यांना पहिल्या दिवशी वेदना जास्त होत्या आणि गंभीर गुंतागुंतही जास्त दिसली.

तीन महिन्यांनंतर मात्र माझ्या दोन्ही पायांत फरक उरला नाही. आज दोन्ही गुडघे सारखेच वाकतात, जिना मी कठडा न धरता चढते. ज्यांचं ऑपरेशन टूर्निकेट लावून झालंय त्यांनी मनाला लावून घेऊ नका, माझा उजवा गुडघा उत्तम आहे.

ज्यांचं व्हायचंय त्यांनी एवढं विचारा: पट्टा बांधणार का, पूर्ण वेळ की फक्त सिमेंटपुरता? पायाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल किंवा पूर्वी गुठळी झाली असेल, तर ते न विचारताच सांगा.