कॅसलव्हेनिया (1986): उडी मारण्याआधी थांबायला लावणारा खेळ

कोनामी या जपानी कंपनीचा 'कॅसलव्हेनिया' हा व्हिडिओ गेम 26 सप्टेंबर 1986 रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्राच्या डिस्क सिस्टिमसाठी आला, पुढच्या वर्षी कार्ट्रिजच्या रूपाने अमेरिकेतल्या एनईएस यंत्रावर (फॅमिकॉमच्या तिकडच्या आवृत्तीवर) पोहोचला, आणि तेव्हापासून खेळाडूंमध्ये त्याच्याबद्दल एक वाद चालू आहे तो आजही मिटलेला नाही. चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरणारा नायक सायमन बेलमाँट इतका जड का चालतो, आणि एकदा उडी मारल्यावर त्याला हवेत वळवता का येत नाही, हा तो वाद. एका बाजूचे खेळाडू म्हणतात की हा जुन्या काळातल्या कच्च्या कारागिरीचा दोष आहे आणि आज असा गेम कोणी बनवला तर तो कोणी हातात धरणार नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की हा ताठरपणा काढून टाकला तर गेममध्ये काही उरणारच नाही. मी हा गेम अनेकदा शेवटपर्यंत खेळलो आहे आणि माझे मत दुसऱ्या बाजूला आहे. मात्र त्या बाजूचे लोक गेमच्या खऱ्या दोषांवरही जे पांघरूण घालतात, ते मला मान्य नाही.

आधी सायमनच्या हालचाली नीट पाहायला हव्यात. जागेवर उभे राहून उडी मारली तर तो सरळ वर जातो आणि सरळ खाली येतो. चालता चालता उडी मारली तर ठरलेल्या कमानीतून ठरलेल्या अंतरावर उतरतो, मग मधल्या वेळात तुम्ही कोणतेही बटण दाबा. चाबूक मारण्याचे बटण दाबल्यावर तो आधी हात मागे नेतो आणि मग फटका मारतो, त्यामुळे शत्रू जवळ आल्यावर बटण दाबून चालत नाही, तो जवळ येणार हे ओळखून आधीच दाबावे लागते. जमिनीवर चाबूक चालवताना त्याचे पाय थांबतात, हवेत चालवताना मात्र उडी चालूच राहते. चाबूक फक्त समोर चालतो, वर किंवा तिरका नाही. शत्रूचा धक्का लागला की सायमन मागच्या बाजूला फेकला जातो आणि मागे खड्डा असेल तर तिथेच संपतो.

हे नियम वाचताना जाचक वाटतात, यात शंका नाही. पण पहिल्याच दालनात लक्षात येते की किल्ल्यातली एकेक गोष्ट या नियमांचे माप घेऊन मांडलेली आहे. चाबकाने फोडल्यावर वस्तू देणाऱ्या मेणबत्त्या कुठे टांगल्या आहेत, पायरी किती उंच आहे, दोन चौथऱ्यांमध्ये किती अंतर आहे, वटवाघूळ कोणत्या उंचीवरून येते, हे सारे सायमनच्या त्या एकाच कमानीशी जुळवलेले आहे. जी उडी तुम्हाला मारायची असते ती नेहमी शक्य असते. प्रश्न इतकाच असतो की ती आत्ता मारायची की एक श्वास थांबून. म्हणून हा गेम बोटांच्या चपळाईपेक्षा निर्णयाचा आहे, आणि हरल्यावर आपण नेमके कुठे चुकलो हे खेळाडूला जवळजवळ प्रत्येक वेळी सांगता येते. कठीण गेम पुष्कळ आहेत. इतका स्पष्ट हिशेब देणारे थोडे.

याच मालिकेतला 1991 सालचा 'सुपर कॅसलव्हेनिया 4' शेजारी ठेवून पाहिला की हा मुद्दा अधिक उघड होतो. तिथे सायमनला हवेत वळता येते आणि चाबूक आठही दिशांना फिरतो. खेळायला तो फार सुखद आहे आणि पुष्कळ खेळाडूंना तोच जास्त आवडतो, हे मी समजू शकतो. पण तिरका चाबूक हाती आल्यावर वरून येणारा शत्रू हा प्रश्नच राहत नाही, आणि ज्या जागी पहिला गेम तुम्हाला विचार करायला लावतो त्या जागी चौथा गेम तुम्हाला चालत पुढे जाऊ देतो. 1997 च्या 'सिंफनी ऑफ द नाइट'ची तर जातच वेगळी आहे. अनुभवाचे गुण, शस्त्रांचा साठा आणि हिंडण्याजोगा प्रचंड किल्ला घेऊन आलेल्या त्या गेमची पहिल्या गेमशी तुलना करून एकाला वर आणि एकाला खाली ठरवणे मला योग्य वाटत नाही.

पहिल्या गेमचे सहा विभाग आहेत, प्रत्येकात तीन टप्पे, म्हणजे एकूण 18 टप्पे, आणि प्रत्येक विभागाच्या शेवटी एक मोठा शत्रू: राक्षसी वटवाघूळ, केसांच्या जागी साप असलेली मेड्युसा, ममींची जोडी, फ्रँकेन्स्टाइनचा दैत्य आणि त्याचा उड्या मारणारा कुबडा साथीदार, मृत्यू, आणि अखेरीस ड्रॅक्युला. शीर्षकाच्या पडद्यालाच चित्रपटाच्या रिळासारखी भोके असलेली किनार आहे आणि शेवटच्या श्रेयनामावलीत जुन्या भयपटांतल्या कलावंतांच्या नावांची मोडतोड केलेली आहे, त्यामुळे ही सगळी मंडळी कुठून आली हे लपवण्याचा प्रयत्न कोणी केलेला नाही. अवघ्या 128 किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये इतके वातावरण उभे राहते याचे मला अजूनही नवल वाटते. सायमन किल्ल्याच्या दारापाशी पाठमोरा उभा राहतो, वर पाहतो, आणि मग खेळ सुरू होतो. एका शब्दाचाही संवाद नसताना त्या दोन क्षणांत कोण, कुठे आणि कशासाठी आले आहे हे कळून चुकते.

खेळाडूंच्या चर्चेत ज्या जागेचे नाव हमखास निघते ती म्हणजे पंधराव्या टप्प्यावरची मार्गिका, जिच्या टोकाला मृत्यू वाट पाहत असतो. तिथे समोरून कुऱ्हाडी फेकणारे चिलखतधारी येतात, ज्यांची कुऱ्हाड कधी डोक्याच्या उंचीवरून येते तर कधी पायांच्या, आणि त्याच वेळी हवेत लाटेसारखी वरखाली होत जाणारी मेड्युसाची मुंडकी एकामागून एक येत राहतात. ती कधी संपत नाहीत. या टप्प्यावर शक्तीच्या 16 खुणांपैकी एका फटक्यात 4 जातात, म्हणजे चार फटक्यांत खेळ आटोपतो. मृत्यूकडून हरलात तर पुन्हा हीच मार्गिका ओलांडून त्याच्याकडे जायचे असते.

सुरुवातीला मी तिथे दर वेळी एकच चूक करत होतो. मुंडके दिसले की उडी मारायची, उडीत असतानाच कुऱ्हाड सुटायची, आणि ठरलेल्या कमानीतून मी अलगद तिच्यावर जाऊन उतरायचो. नाकी नऊ आले तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की इथे उडी हा शेवटचा उपाय आहे. मुंडके लाटेच्या माथ्यावर असेल तर खाली बसावे, ते डोक्यावरून निघून जाते. ते खाली येत असेल तर चाबकाने तोडावे. आणि मोकळी राहिलेली वेळ चिलखतधाऱ्यासाठी वापरावी. फेकल्यावर जाऊन परत येणारा क्रॉस, म्हणजे चाबकाखेरीजचे एक दुय्यम शस्त्र, हाताशी असला तर एकाच फेकीत तो शत्रूला जाताना आणि येताना असा दोनदा लागू शकतो. हे उमगल्यानंतर त्याच मार्गिकेत माझे हात घाई करेनासे झाले. ज्या जागेला खेळाडू सर्वांत अन्यायी म्हणतात, ती मला गेममधली सर्वांत विचारपूर्वक रचलेली जागा वाटते, कारण तोवरच्या चौदा टप्प्यांत शिकलेली एकेक गोष्ट तिथे एकाच वेळी विचारली जाते.

पवित्र पाणी या दुसऱ्या दुय्यम शस्त्राबद्दल मात्र मला तक्रार आहे. जमिनीवर फुटून काही काळ जळत राहणारी ती कुपी शत्रूला जागेवरच खिळवून ठेवते, आणि एकामागून एक तीन कुप्या फेकण्याची शक्ती मिळालेली असेल तर फ्रँकेन्स्टाइनचा दैत्यच काय, मृत्यूसुद्धा धड हालचाल न करता संपतो. जाणकार खेळाडू नव्या माणसाला पहिला सल्ला हाच देतात की पवित्र पाणी सांभाळून ने. सल्ला व्यवहाराचा आहे, पण तो पाळला तर मृत्यूशी लढाई होतच नाही. दालनात कुठेही प्रकट होऊन अंगावर येणारे त्याचे विळे, ते चुकवत त्याच्यापर्यंत पोहोचण्याची तारेवरची कसरत, हे सगळे डोळ्यांना न दिसताच निघून जाते. निदान एकदा तरी क्रॉस घेऊन त्याला सामोरे जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

याला जोडूनच दुसरा दोष येतो. सायमनजवळ एका वेळी एकच दुय्यम शस्त्र राहते, आणि मेणबत्तीतून पडलेले शस्त्र अंगाला लागले की ते आपोआप उचलले जाऊन हातातले जाते. अरुंद जागेत पडलेला खंजीर टाळता येत नाही आणि जपून आणलेला क्रॉस नाहीसा होतो. यात कसल्याही कौशल्याची परीक्षा नाही. जिन्यांचेही तसेच आहे. जिना चढायला नेमक्या जागी उभे राहून वरचे बटण दाबावे लागते, जिन्यावर असताना उडी मारता येत नाही, आणि खालच्या दिशेने जायचे असताना जिन्याचे टोक थोडक्यात चुकले तर सायमन थेट पोकळीत चालत जातो. उडीच्या ताठरपणाचे समर्थन मी मनापासून करतो, कारण सगळा किल्ला तिच्यासाठी रचलेला आहे. जिन्यांचे समर्थन मला करता येत नाही. जुने चाहते या दोन्ही गोष्टींना एकाच मापाने मोजतात आणि त्यामुळे नव्या खेळाडूला त्यांचे म्हणणे हट्टाचे वाटते.

मेणबत्त्यांतून मिळालेल्या वस्तूंनी लांब झालेला चाबूक मरण आल्यावर पुन्हा आखूड होतो, ही तक्रार मात्र मला तितकीशी पटत नाही. पुढच्या काही मेणबत्त्यांत तो पुन्हा लांब होतो. खरे नुकसान होते ते दुय्यम शस्त्राचे आणि जमवलेल्या हृदयांचे, जी या गेममध्ये शक्तीच्या खुणा वाढवत नाहीत तर शस्त्र फेकण्यासाठी खर्च होतात. ही गोष्ट कळायला नव्या माणसाला वेळ लागतो. त्या खुणा वाढवणारे मांस भिंतींच्या विटांमागे दडवलेले असते, आणि कोणती वीट फोडायची हे खेळून किंवा कोणाकडून ऐकूनच कळते.

संगीताविषयी खेळाडूंमध्ये दुमत ऐकल्याचे मला आठवत नाही. किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा यांनी ते केले, तेही जेमतेम काही ध्वनीवाहिन्यांच्या बळावर. पहिल्या विभागातली 'व्हँपायर किलर' ही धून भयपटाच्या संगीतासारखी दबकत येत नाही, ती पहिल्या क्षणापासून धावते, आणि सायमन इतका सावकाश चालत असूनही खेळ संथ का वाटत नाही याचे उत्तर तिच्यात आहे. तिसऱ्या विभागातली 'विकेड चाइल्ड' मला त्याहूनही प्रिय आहे. किल्ल्याच्या तटावर येऊन उघड्या आकाशाखाली चालताना तिच्यातली घाई आणि खेळाची मागणी असलेला संयम यांची ओढाताण हातांना जाणवते, आणि चुका होतात त्या बहुतेक संगीताच्या तालावर पाऊल टाकल्यामुळे.

शेवटचा विभाग लहान पण तिखट आहे. मोडका पूल, त्यावर पहिल्या विभागातल्या मोठ्या शत्रूसारखीच राक्षसी वटवाघळे, मग घड्याळाच्या मनोऱ्यातली चाके, आणि मग चंद्राच्या दिशेने वर जाणारा जिना. ड्रॅक्युला एका जागी प्रकट होतो, झगा उघडून अग्निगोळे सोडतो, आणि घाव फक्त त्याच्या डोक्यावर लागतो. म्हणजे उडी मारून, हवेत असताना, डोक्याच्या उंचीवर चाबूक पोहोचेल अशा क्षणी बटण दाबायचे आणि उतरताना गोळ्यांच्या पलीकडे उतरायचे. पहिल्या दालनात शिकवलेली तीच उडी आणि तोच फटका, दुसरे काही नाही. त्याचे डोके उडाल्यावर जो दैत्य उभा राहतो तो मात्र मला पहिल्या रूपापुढे फिका वाटतो, आणि पवित्र पाण्यापुढे तोही टिकत नाही.

आज हा गेम मिळवणे अवघड नाही. 2019 साली आलेल्या 'कॅसलव्हेनिया अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन'मध्ये आठ गेम आहेत आणि त्यांत हा आहे. 'सुपर कॅसलव्हेनिया 4'ही त्यातच आहे, त्यामुळे वर केलेली तुलना वाचकाला स्वतः करून पाहता येईल. या संग्रहात खेळ कुठल्याही क्षणी जतन करता येतो. ती सोय वापरण्यात कमीपणा मानू नये, कारण जपानमधल्या मूळ डिस्क आवृत्तीतही प्रगती जतन करण्याची व्यवस्था होती. पण दर दोन पावलांवर जतन करत गेलात तर पंधराव्या टप्प्यावरची मार्गिका नुसती नशिबाने पार होईल आणि तिने शिकवायचे ते राहून जाईल. एनईएसच्या कार्ट्रिजमध्ये सगळे प्राण संपल्यावर त्या विभागाच्या सुरुवातीपासून हवे तितक्या वेळा पुन्हा खेळता येत असे. म्हणून नव्या खेळाडूने विभाग संपल्यावर एकदा, फक्त तेवढ्याच वेळा जतन करावे, आणि मार्गिकेत हरल्यावर तेराव्या टप्प्यापासून चालत यावे.