ठिबकच्या सॉफ्टवेअरसाठी डीएसएल, मॉडेल की दोन्ही?

जळगाव-धुळ्याकडच्या छोट्या टीमने ठिबकच्या कंट्रोलरचं काम घेतलं की हा निर्णय लवकरच करावा लागतो. पाण्याचे नियम स्वतःच्या छोट्या भाषेत, म्हणजे डीएसएलमध्ये लिहायचे, की आकृतीत मॉडेल मांडून त्यातून कोड काढायचा? माझं मत, दोन्ही जोडा. पण बदल करायची जागा एकच ठेवा.

रावेर-यावलच्या केळीत मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) यांचं खत-पाण्याचं वेळापत्रक वेगळं असतं. कृषी सल्लागार साधारण असं सांगतो: ‘कांदेबाग, व्हॉल्व्ह ३, लाईट आली की ४० मिनिटं, मधली २० मिनिटं खत, शेवटची १० साधं पाणी.’ हे डीएसएलमध्ये जवळपास जसंच्या तसं बसतं. सल्लागार स्वतः वाचून चूक धरतो आणि कुणी काय बदललं ते गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ओळीओळीने दिसतं.

मोटार, फिल्टर, सबमेन (मुख्य पाइपची उपशाखा), व्हॉल्व्ह यांची जोडणी मात्र मजकुरातून डोळ्यासमोर उभी राहत नाही. तिथे आकृतीच हवी. पण नियमही आकृतीत कोंबले, तर बाणांचं जाळं होतं. शिवाय अशी मॉडेलं बहुधा एक्सएमआय फाइलीत (मॉडेल साठवायच्या एक्सएमएल प्रकारात) साठतात, आणि दोघांचे बदल त्यात एकत्र करणं जिवावर येतं.

डीएसएल आणि आकृती जोडण्याचं खरं कारण वेगळं आहे. रात्रीच्या लाईटवर एकाच वेळी उघडणाऱ्या व्हॉल्व्हचा एकूण प्रवाह मोटारीला झेपतो का, हे जोडणी आणि वेळापत्रक एकाच मॉडेलमध्ये असेल तरच सहज तपासता येतं. ही चूक शेतात नाही, एडिटरमध्येच लाल रेघेखाली दिसली पाहिजे. माझ्या लेखी एवढ्या एका तपासणीसाठी सगळी मेहनत सार्थ आहे.

डीएसएल बनवायच्या साधनांपैकी एक्सटेक्स्ट एक्लिप्सच्या ईएमएफ या मॉडेल बनवायच्या चौकटीवर उभं आहे. भाषेचं व्याकरण लिहिलं की मेटामॉडेल, म्हणजे मॉडेलमध्ये काय काय असू शकतं याचा साचा, त्यातूनच निघतं आणि त्यावरचं मॉडेल सिरियस या आकृत्यांच्या साधनात आकृती म्हणून उघडता येतं. टीमला जावा येत असेल तर हे भक्कम. लँगियम टाइपस्क्रिप्टमध्ये आहे, व्हीएस कोडमध्ये आणि ब्राउझरमध्ये चालतं. वेबचं काम येणाऱ्या नव्या पोरांना ते लवकर हाती लागतं, म्हणून तीन-चार जणांच्या टीमला मी हेच सुचवेन. ते ईएमएफवर नाही, त्यामुळे आकृतीची सोय वेगळी करावी लागते. जेटब्रेन्सच्या एमपीएसमध्ये पार्सर, म्हणजे मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, नसतोच. मजकूर, तक्ते आणि आकृत्या एकाच एडिटरमध्ये नांदतात. ताकद मोठी, पण शिकायला वेळ लागतो आणि फाइली एमपीएसबाहेर वाचवत नाहीत.

सुरुवातीला आकृती फक्त बघण्यापुरती ठेवा आणि ती मजकुरातून आपोआप काढा. दोन्हीकडून बदल करू दिले की टिपणं आणि ओळींची मांडणी सांभाळण्यातच दिवस जातात. निघालेल्या कोडला हात लावू नका. स्वतःची भर वेगळ्या फाइलीत.

डीएसएलमधली नावं मराठीत ठेवणार असाल तर एक अडचण आधीच सोडवा. एक्सटेक्स्ट आणि लँगियम दोन्हींत नावांचा मूळ नियम फक्त रोमन अक्षरं धरतो. तो बदलताना मात्रा आणि अनुस्वारही त्यात घ्या, नाहीतर ‘कांदेबाग’ पहिल्याच अक्षरानंतर तुटेल.

आणि काम एकाच शेतापुरतं, दहा-बारा व्हॉल्व्हचं असेल, तर यातलं काहीच नको. साधी जेसन फाइल (नाव आणि किंमत अशा जोड्यांची मजकूर फाइल) पुरे.