दुर्बिणीचे आरसे एका रेषेत जुळवायला (कॉलिमेशन) लेझर की चेशायर (बारीक भोकातून आरसे बघायची साधी नळी)?

घरी बनवलेला ६ इंची एफ/८ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण; एफ/८ म्हणजे फोकल लांबी आरशाच्या व्यासाच्या आठपट) असेल तर माझं मत सरळ चेशायरला. लेझर अंधारात चालतो, फोंड्यात गच्चीवर एकट्याने स्क्रू फिरवताना लाल ठिपका प्रायमरी (मुख्य) आरशावर सरकताना दिसतो हे भारीच, पण लेझर स्वतःच वाकडा असेल तर सगळंच वाकडं, म्हणून आधी तो फोकसरमध्ये (आयपीस बसवायच्या नळीत) गोल फिरवून बघा, ठिपका आरशावर गोल फिरायला लागला की समजायचं. चेशायरला उजेड लागतो, म्हणजे काळोख पडायच्या आधी काम उरकायचं, पण सेल नको काही नको, आरशाच्या मधोमध चिकटवलेली कागदी रिंग चेशायरमधून दिसणाऱ्या काळ्या ठिपक्याभोवती बरोबर बसली की झालं. एफ/५ ला मात्र थोडी चूकही नडते, तिथे शेवटी ताऱ्यावर तपासाच.