सासूबाईंसाठी घेतलेली इन्युलिन पावडर : तीन महिन्यांचा अनुभव

आमच्या सासूबाई ७६ वर्षांच्या. दोन वर्षांपासून विसर पडतो, डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे असं सांगितलंय. आयुष्यभर मिसळणाचा डबा न बघता हाताळलेल्या या बाई आता मोहरी शोधताना हळदीत बोट बुडवतात, पदराला पुसतात आणि माझ्याकडे बघतात. त्यांचं ते बघणं मला सोसत नाही. म्हणून औषधाच्या दुकानात ‘पोट आणि मेंदूसाठी’ असं छापलेला प्रीबायोटिक (म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना खाणं पुरवणाऱ्या) पावडरचा डबा दिसला, तेव्हा भाव न विचारताच घेऊन आले. २५० ग्रॅमला साडेसातशे रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा पावडरी अनेक नावांनी मिळतात आणि मला बोलायचंय ते आतल्या मालाबद्दल आणि डब्यावरच्या मजकुराबद्दल.

माल चांगला आहे. इन्युलिन म्हणजे चिकोरीच्या मुळातून काढलेला तंतू. फिल्टर कॉफीत मिसळतात तीच चिकोरी. कांदा, लसूण, गहू यांतही तो थोडाफार असतो. आपल्याला तो पचत नाही, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं ते खाणं. पिठीसाखरेसारखी पांढरी पावडर, ताकात घालून दोनदा ढवळलं की विरघळते, तळाशी गोळा राहत नाही. चव किंचित गोड. पहिल्याच दिवशी आई म्हणाल्या, “अगं, ताकात साखर घातलीस का आज?” इसबगोल त्यांना कधी जमलं नाही. पाच मिनिटांत घट्ट होतं, मग त्या पेला बाजूला सारायच्या. हे मात्र पितात.

तिसऱ्या रात्री दीड वाजता उठून पाहिलं तर आई पलंगावर बसलेल्या, पोटावर हात धरून. काय होतंय ते नीट सांगता येईना. पोट ढोलासारखं झालं होतं. ओवा दिला, शेक दिला, पहाटे झोप लागली. सकाळी मी डब्यातला मापाचा चमचा वजनकाट्यावर ठेवला. डब्यावर लिहिलंय एक चमचा ५ ग्रॅम, दिवसातून दोनदा. सपाट भरलेल्या चमच्यात भरले ८! जिवाणू तंतू आंबवतात तेव्हा वायू होतोच, त्यात आम्ही दहाच्या जागी सोळा ग्रॅम देत होतो. ज्यांना आपलं दुखणं शब्दांत सांगता येत नाही, त्यांच्यासाठी विकायच्या वस्तूत ही चूक मला माफ करण्यासारखी वाटत नाही.

चार दिवस बंद ठेवलं. मग दुपारच्या ताकात चहाचा अर्धा चमचा, दर आठवड्याला थोडं वाढवत आता वजन करून ५ ग्रॅम, एकदाच. पाण्याकडे लक्ष द्यावं लागतं. रात्री उठावं लागेल म्हणून आई पाणी टाळतात, त्यामुळे दोन पेले सकाळी अकराच्या आत देते. पाचव्या आठवड्यापासून एक दिवसाआड पोट साफ होऊ लागलं. आधी चार-चार दिवस जायचे आणि चौथ्या दिवशी घरात कुणाला बोलायची सोय नसायची.

आता मेंदूचं. डब्यावर ‘संशोधनाने सिद्ध’ असं ठळक छापलंय. माझी भाची डॉक्टर आहे, तिने या विषयातला एक मूळ शोधनिबंध मिळवून दिला आणि शेजारी बसून समजावला. लंडनच्या किंग्ज कॉलेजचा हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या जुळ्यांच्या ३६ जोड्या, बारा आठवडे. जोडीतल्या एकाला इन्युलिन आणि त्याच जातीचा दुसरा तंतू, दुसऱ्याला नुसती दिसायला तशी पावडर. प्रथिनांची पूड आणि व्यायाम दोघांनाही. मुळात बघायचं होतं ते स्नायूंचं बळ, त्यात फरक पडला नाही. पण बुद्धीच्या चाचण्यांत तंतू घेणाऱ्यांचे गुण वाढले, कुठल्या चौकोनामागे कुठलं चित्र होतं हे लक्षात ठेवायच्या चाचणीतही. हे वाचताना मला आमचा मिसळणाचा डबाच दिसत होता.

अभ्यास प्रामाणिक आहे, आशा वाटावी असाही आहे. पण ७२ माणसं, तीन महिने, आणि तो स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर झालेला नव्हता. ‘सिद्ध’ हा शब्द त्यातून निघत नाही. अमेरिकेत ‘माइंड’ आहाराचा, म्हणजे मेंदूसाठी म्हणून आखलेल्या जेवणाचा, प्रयोग ६०४ जणांवर तीन वर्षं चालला आणि २०२३ साली निकाल आला, बुद्धीच्या चाचण्यांत तुलनेच्या गटापेक्षा ठळक फरक नाही. आहाराने काहीच होत नाही, असं मी म्हणत नाही. माझ्यासारखी घाबरलेली सून तो एक शब्द वाचून साडेसातशे रुपये काढते, एवढंच मला कंपनीला सांगायचंय.

आईंच्या विसरण्यात मला फरक दिसलेला नाही. आणि मेंदूसाठी ही पावडर घ्यायचीच असेल तर आधी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या, ते कमी पडलं तरी विसर पडू शकतो. आम्ही शाकाहारी, आईंचं बरंच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं वेगळी चालू आहेत.

पोटासाठी पाचपैकी चार. मेंदूच्या दाव्याला शून्य. चमच्याबद्दल कंपनीला फोटोसकट लिहिलं, ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं. परवा दुसरा डबा आणला, त्यातलाही चमचा काट्यावर ठेवला. पुन्हा आठ ग्रॅम.