राइक्सम्युझियमची ओळख: ना पवनचक्की, ना ट्यूलिप

नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं बोधचिन्ह म्हटलं की पवनचक्की, ट्यूलिप असलंच काहीतरी डोळ्यांपुढे येतं. हे संग्रहालय म्हणजे ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम (Rijksmuseum), मोठ्या नूतनीकरणानंतर २०१३मध्ये पुन्हा उघडलं. त्यासाठी डच ग्राफिक डिझायनर इर्मा बोम यांनी केलेल्या ओळखरचनेत, म्हणजे बोधचिन्ह आणि अक्षरांच्या एकसंध रूपात, यातलं काहीच नाही, नुसती ठसठशीत कॅपिटल अक्षरं. पण त्यातले आय (I) आणि जे (J) नीट बघा. डच लोक ही जोडी एकच अक्षर मानतात, वाक्याच्या सुरुवातीला दोन्ही कॅपिटल करतात. बोधचिन्हातही ती दोघं एकमेकांना खेटून उभी आहेत. परक्याला कदाचित कळणार नाही, डच माणसाला मात्र लगेच आपलंसं वाटावं. मी स्वतः अक्षरांकन करते, त्यामुळे माझी नजर तिथून हलेचना. संस्कृती चित्रातूनच दाखवायला हवी असं थोडंच आहे! टाइपफेस, म्हणजे अक्षरांचं वळणही पॉल व्हान डेर लान यांनी खास या संग्रहालयासाठी घडवलाय.

खटकते ती राइक्स आणि म्युझियम यांच्यामधली फट. डचमध्ये हा शब्द जोडून लिहितात, म्हणून तेव्हा टीकाही झाली, आणि मला ती पटते. भल्यामोठ्या फलकावर ती जागा रुबाबदार दिसते, पण छोट्या आकारात दोन वेगळी नावं वाचल्यासारखं होतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या फटीचा.